पाइपचा हिशोब : फूट, इंच आणि मिलिमीटरच्या गोंधळात नफा घालवू नका

फॅब्रिकेशनचं काम नवीन सुरू केलंय? गेट, रेलिंग, शेडची कोटेशन द्यायला लागलात? मग या तीन चुका आधी समजून घ्या. कोटेशन एकदा दिलं की चुकीचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

चूक १ : फूट-इंच तसेच कॅल्क्युलेटरवर टाकणं

५ फूट १० इंच म्हणजे ५.१० नव्हे! फुटात १२ इंच असतात. ५.१० टाकलं तर कॅल्क्युलेटर ५ फूट १.२ इंच समजतो. एका तुकड्यामागे ८.८ इंच कमी. असे १० तुकडे असतील तर ७ फूट ४ इंच पाइप कमी पडला, आणि दुकानात परत खेप! बरोबर पद्धत : १० भागिले १२, म्हणजे ५.८३ फूट.

चूक २ : 'एक इंची' हेच माप समजणं

चौकोनी पाइपला बाहेरचं माप सांगतात. पण पाण्याच्या लाइनला वापरतात तसल्या गोल पाइपचं 'एक इंची' हे फक्त नाव आहे. त्याचा बाहेरचा व्यास साधारण ३३.७ मिमी असतो, २५.४ नाही. वजनाचं सूत्र बघा :

(बाहेरचा व्यास − जाडी) × जाडी × ०.०२४६६ = एका मीटरचं वजन, किलोत

व्यास आणि जाडी दोन्ही मिमीमध्येच घ्यायची. बी क्लासच्या काळ्या पाइपची जाडी ३.२ मिमी. ३३.७ धरलं तर मीटरला २.४१ किलो येतं. २५.४ धरलं तर १.७५ किलो. १०० मीटरच्या कामात ६५ किलोंचा फरक! समजा भाव ७० रुपये किलो आहे, तर साडेचार हजार गेले.

चूक ३ : वजन मीटरचं, लांबी फुटांची

सूत्रातून मीटरचं वजन येतं. १०० फूट म्हणजे ३०.४८ मीटर, म्हणजे सुमारे ७३ किलो. थेट १०० ने गुणलंत तर २४१ किलो होतील. एवढं महाग कोटेशन बघून गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल.

मग करायचं काय?

साइटवरच सगळी मापं मिमीत लिहा. १ फूट = ३०४.८, १ इंच = २५.४, १ सूत = ३.१७५ मिमी. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माल आला की एक पाइप काट्यावर ठेवा. वरचा ६ मीटरचा पाइप साडेचौदा किलोंच्या आसपास भरला पाहिजे. फार फरक आला, तर आधी आपला हिशोब तपासा, मग दुकानदाराला विचारा.

आजच जुनं एक कोटेशन काढा आणि या तीन चुका त्यात शोधा!