ससोबांचा उपास सोडवताना

आपलं पोट बिघडलं की घरातली मोठी माणसं लंघन करायला सांगतात. सशाने लंघन केलं तर प्रकरण थेट जिवावर बेततं. ऑफिस आणि डेडलाइन सांभाळून आजारी सशाला पुन्हा खातं-पितं करायचं कसं?

सकाळी सोमेश्वरच्या बाजूला वॉकला गेलात तर लॅब्रेडॉर, पग, हस्की अशी सगळी मंडळी आपापल्या मालकांना फिरवताना दिसतात. पण गंगापूर रोडच्या फ्लॅट्समध्ये आणखी एक पेट राहतो, जो खाली कधीच दिसत नाही. तो लिफ्टमध्ये भेटत नाही, भुंकत नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याच्यावरून भांडणं होत नाहीत. बेडरूमचा कोपरा नाहीतर जाळी लावलेली बाल्कनी हे त्याचं राज्य. दोघंही नोकरी करणाऱ्या घराला ससा अगदी सोयीचा वाटतो. फिरवायला नको, आंघोळ नको, आवाज तर नाहीच. वर पाहताक्षणी प्रेमात पडावं असं रूप. आणखी काय हवं?

गडबड होते ती या 'आवाज नाही'मध्येच.

गप्प बसणारा पेशंट

कुत्र्याचं पोट दुखलं तर तो कुंई कुंई करून तुमच्या पायात येतो. मांजर ओकून घर डोक्यावर घेते. ससा काहीच करत नाही. भित्र्या माणसाला आपण 'सशाच्या काळजाचा' म्हणतो, पण आजारपणात हेच काळीज भलतं घट्ट होतं. ससा ही निसर्गात कुणाची ना कुणाची शिकार. अशक्त दिसला की संपला! त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे.

आता एक साधा हिशोब करा. रात्री दहाला तुम्ही त्याला जेवण ठेवलंत. सकाळी वाटी तशीच. 'मूड नसेल' म्हणत पावणेनऊला तुम्ही सातपूर नाहीतर अंबडच्या दिशेने निघालात. संध्याकाळी सातला परत आलात, वाटी अजून तशीच. झाले एकवीस तास! सशाने बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती इमर्जन्सी समजायची असते. म्हणजे तुम्हाला शंका येईपर्यंत वेळ निघून चाललेली असते.

म्हणून सकाळी घराबाहेर पडण्याआधी दोन मिनिटं त्याच्याकडे बघा. अंग चोरून गोळा होऊन बसलाय? डोळे अर्धवट मिटलेत? दात कराकरा वाजवतोय? आवडती कोथिंबीर नाकाजवळ नेली तरी तोंड फिरवतोय? यातलं काही दिसलं तर त्या दिवशीची मीटिंग दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घाला.

वीकली ऑफ नसलेली फॅक्टरी

सशाचं पोट म्हणजे तिन्ही शिफ्टमध्ये चालणारी फॅक्टरी. तिचा कच्चा माल एकच, तो म्हणजे चोथा. गवतातले जाड तंतू आतड्याला पुढे ढकलायला काहीतरी देतात आणि गाडी चालू राहते. पचण्यासारखा बारीक भाग 'सीकम' नावाच्या मोठ्या पिशवीत जातो आणि तिथले जीवाणू तो आंबवतात. त्यातून तयार होतात मऊ, चकचकीत लेंड्या, अगदी द्राक्षाच्या छोट्या घडासारख्या. ससा त्या थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. बघून 'ईऽऽ' करू नका, हे त्याचं व्हिटॅमिनचं टॉनिक आहे.

ही फॅक्टरी थांबायला फार मोठं कारण लागत नाही. गवत कमी आणि पोळी, बिस्किटं, फळं जास्त. आतल्या आत वाढून टोचणारी दाढ. पाणी कमी पिणं. घर बदलणं, दिवाळीचे फटाके, घरभर पाहुणे. आणि उन्हाळा! नाशिकची हवा कितीही छान म्हटली तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतोच. दुपारी तीन वाजता बंद फ्लॅटच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीत काय होत असेल, विचार करा.

आतड्याची हालचाल मंदावली की आतला ऐवज कोरडा होत जातो, गॅस धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. डॉक्टर याला 'जीआय स्टॅसिस' म्हणतात. त्यातून सशाला ओकता येत नाही, म्हणजे आत गेलेलं परत यायचा रस्ताच नाही. उपास लांबला की शरीरातली चरबी यकृतावर जमा व्हायला लागते. गुबगुबीत सशांना हा धोका जास्त. आपलं लंघन आणि त्याचं लंघन यात फरक आहे तो हा.

पूर्वी या आजाराचं खापर पोटातल्या केसांच्या गोळ्यावर फोडलं जायचं, आणि अननसाच्या रसाचा उपाय सांगितला जायचा. आता समजतं ते असं की अंग चाटणाऱ्या सशाच्या पोटात केस असतातच. बहुतेक वेळा गोळा होतो तो आतडं थांबल्यामुळे आणि पाणी कमी पडल्यामुळे.

आधी डॉक्टर, मग सिरिंज

'थोडं भरवून बघू, सकाळपर्यंत बरं वाटेल,' हा विचार आधी डोक्यातून काढा. पोट ढोलकीसारखं टणक झालं असेल किंवा आतडं एखाद्या ठिकाणी बंद झालं असेल, तर जबरदस्तीने भरवणं उलटू शकतं. आतडं हलवणारी औषधंही अशा वेळी देत नाहीत. म्हणून डॉक्टर आधी पोट चाचपतात, टेंपरेचर घेतात, दात बघतात, गरज वाटली तर एक्स-रे काढतात. मग कातडीखाली सलाइन, वेदना कमी करणारं औषध, लागलंच तर आतड्याची हालचाल वाढवणारं औषध, आणि त्यानंतर भरवणं. यात वेदना थांबवणं सर्वांत महत्त्वाचं. दुखायचं थांबल्याशिवाय कुणालाच भूक लागत नाही.

आपल्याकडे बहुतेक क्लिनिक्सचा हात कुत्र्या-मांजरांवर बसलेला असतो. त्यामुळे ससा ठणठणीत असतानाच दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारून ठेवा, 'डॉक्टर, तुम्ही ससे बघता का? रात्री कुणाला फोन करायचा?' मोठ्या तपासण्यांसाठी मुंबईचा पर्याय आहे. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल जुनं आणि नावाजलेलं, आणि महालक्ष्मीला २०२४मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू झालंय. पण गार पडलेल्या, दुखत असलेल्या सशाला तडक कसारा घाटातून खाली नेणं म्हणजे प्रवासाचा ताण वरून. आधी नाशिकमध्येच सलाइन आणि वेदनाशामक मिळू दे, मग पुढचं डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि हो, घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. आपल्याला सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेलं तर चांगले जीवाणू मारतं आणि ससाही त्यात दगावू शकतो.

टॉवेलमधली फ्रँकी

डॉक्टरांकडून तुम्ही परत येता ते हातात एक सिरिंज आणि रिकव्हरी फूडची पावडर घेऊन. पावडर मिळाली नाही तर सशाच्या साध्या पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून, बारीक वाटून चालतात का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. किती मिली आणि दिवसातून किती वेळा, हे तेच वजनावरून ठरवतील.

आता खरी कसोटी. ससोबांना टॉवेलमध्ये फ्रँकीसारखं गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. पालथाच, चार पायांवर बसलेला राहू द्या. उताणा कधीच धरू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. समोरच्या दातांच्या मागे बाजूला एक मोकळी जागा असते, सिरिंजचं टोक तिथून आत. एका वेळी अर्धा ते एक मिली. थांबा. त्याला चावू द्या, गिळू द्या. मग पुढचा घास. पहिल्या दिवशी अर्ध्याहून अधिक माल तुमच्या टी-शर्टवर जाणार, हे गृहीत धरा. दुसऱ्या दिवशी हात बसतो. घाई केलीत तर मात्र दोघांचंही वाटोळं!

बाकीची शुश्रूषा साधी आहे. पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात द्या, ससे वाडग्यातून जास्त पाणी पितात. कान गार लागत असतील तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. उन्हाळा असेल तर उलट, बर्फाची बाटली आणि पंखा. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवा, तो घरभर चार उड्या मारेल तर आतडंही हलेल. जोडीदार ससा असेल तर दोघांना वेगळं करू नका, एकटेपणाचा ताण नको. फक्त मग कोणती लेंडी कुणाची, हे कोडं सोडवत बसावं लागतं.

ऑफिसचं काय?

हाच तो प्रश्न. पहिले दोन-तीन दिवस दर काही तासांनी भरवायचं असतं, आणि एचआर पॉलिसीत 'सशाचं आजारपण' नावाची रजा नसते. इथे नाशिक आपल्या मदतीला येतं. मुंबईत लंच ब्रेकमध्ये घरी जाऊन येणं हा विनोद ठरेल. सातपूरहून गंगापूर रोडला येऊन, वीस मिनिटं भरवून परत जागेवर बसणं मात्र जमण्यासारखं आहे. दोघं असाल तर शिफ्ट लावा. सकाळी सहाची एकाने, दुपारची दुसऱ्याने, रात्री अकराची दोघांनी मिळून. शेजारच्या काकूंना किल्ली देऊन ठेवा. त्यांनी भरवायची गरज नाही, 'बसलाय का, हललाय का' एवढं बघून फोन केला तरी पुष्कळ.

या दिवसांत गावाहून आईचा फोनही येतोच. 'अगं, सशासाठी रजा? तेवढ्यात दुसरा आला असता की!' हिशोब म्हणून आईचं चुकत नाही. ज्या किमतीत ससा मिळतो, त्यात कदाचित एक एक्स-रेही निघत नाही. पण ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. म्हणजे तुमच्या दोन-तीन नोकऱ्या आणि एखादा भाड्याचा फ्लॅट बदलून होईपर्यंत तो सोबत असतो. विकत घेताना 'काही करावं लागत नाही' असं आपल्याला सांगितलेलं असतं. करावं लागतं, फक्त त्याची वेळ उशिरा आणि एकदम येते.

लेंड्यांचा हिशोब

बरं वाटतंय की नाही, हे ससा तोंडाने सांगणार नाही. ते सांगतात लेंड्या. फ्रिजवर एक कागद लावा. वेळ, किती मिली भरवलं, किती लेंड्या, केवढ्या. किचनच्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन. सुरुवातीला येतात त्या बारीक, काळ्या, वेड्यावाकड्या, कधी केसात ओवलेल्या माळेसारख्या. निराश होऊ नका, फॅक्टरी सुरू झाल्याची ती खूण आहे. मग हळूहळू हरभऱ्याएवढ्या, गोल, मोडल्यावर आत गवताचे धागे दिसणाऱ्या. त्या दिवशी तुम्ही ऑफिसच्या ग्रुपवर चुकून लेंडीचा फोटो टाकाल, इतका आनंद होतो!

स्वतःहून गवताची पहिली काडी ओढली की अर्धी लढाई जिंकली. पण म्हणून सिरिंज एकदम बंद नाही. जसं त्याचं खाणं वाढेल तसं तुमचं भरवणं कमी, तेही डॉक्टरांना विचारून. आणि लेंड्या पुन्हा बारीक होऊ लागल्या तर वाट न बघता फोन.

नाशिकचा डाएट प्लॅन

बरा झालेला ससा पुन्हा आजारी पडू नये, याचं उत्तर त्याच्या ताटात आहे. ताटाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग वाळलेलं गवत. आयात केलेलं टिमोथी ऑनलाइन मिळतं, पण स्वच्छ, बुरशी नसलेलं आपल्याकडचं वाळलेलं गवत किंवा ओटचा वाळलेला चारा चालतो. गोठ्यासाठी मिळणारा लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम आणि प्रोटीन जास्त. ओली भाजी म्हणून आपली कोथिंबीर, पुदिना, गाजराचा पाला उत्तम, फवारणीचा अंश जाईल अशी नीट धुऊन. कार्टूनमधला ससा गाजर खातो, आपल्या सशाला मात्र गाजर हे मिठाईसारखं, क्वचित आणि चिमूटभर.

नाशिकची शान असलेल्या दोन गोष्टींबद्दल मात्र सावधान. द्राक्षात साखर भरपूर, त्यामुळे आजारपणात आणि नंतर काही आठवडे पूर्ण बंद. आणि कांदा, पातीसकट, कधीच नाही. त्याने सशाच्या रक्तातल्या लाल पेशी मरतात.

फ्रिजवर लावून ठेवा

• बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद म्हणजे लगेच डॉक्टर.
• पोट टणक, अंग गार, मान टाकलेली असेल तर भरवू नका, तसेच निघा.
• माणसांची औषधं नाहीत, उरलेली अँटिबायोटिक्स तर नाहीतच.
• भरवताना ससा पायांवर, सिरिंज बाजूने, घास छोटा.
• गवत चोवीस तास समोर. पोळी, बिस्किट, कुरमुरे बंद.
• डॉक्टरांचा आणि रात्रीच्या क्लिनिकचा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये.

आज संध्याकाळी घरी गेलात की टीव्ही लावण्याआधी एकदा त्याची वाटी आणि ट्रे बघा. वाटी रिकामी आणि ट्रे भरलेला असेल, तर तुमचा ससा मजेत आहे.