मुंग्यांवरची गोळी

पिंपरी म्हटलं की आज मोटारींचे कारखाने आठवतात. पण या गावाला आधी नाव मिळालं ते औषधांमुळे! १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिथे आधी पेनिसिलीन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागलं. हे दुसरं औषध मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळतं आणि टीबीच्या जंतूंना मारतं. मात्र काही रोग्यांच्या आतल्या कानाला ते इजा करी. चक्कर येई, कुणाला ऐकू येईनासं होई.

१९५२ साली टीबीवर आणखी एक औषध आलं, आयसोनियाझिड. स्वस्त, आणि सुई टोचायला नको, नुसती गोळी! आजही टीबीवरच्या मुख्य औषधांत ते आहे. पण काहींच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तळपाय जळजळू लागले. असं का व्हावं?

आपल्या मज्जातंतूंना बी-६ हे जीवनसत्त्व लागतं. मेंदूचे निरोप पोचवणारी काही रसायनं त्याच्याच मदतीने तयार होतात. आयसोनियाझिड नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं आणि ही जोडगोळी लघवीवाटे शरीराबाहेर पडते. मज्जातंतू बिचारे उपाशी! १९५४ सालीच संशोधकांनी ही चोरी पकडली.

बी-६ शेंगदाण्यात, हरभऱ्यात, केळ्यात असतं. चाकणच्या बाजारात पोत्यांनी येणाऱ्या बटाट्यातही असतं, बरं का! पण रोगी आधीच अशक्त असेल, त्याला मधुमेह असेल, तर नुसत्या जेवणातून तूट भरत नाही. म्हणून डॉक्टर बी-६ची वेगळी गोळी देतात, साधारण १० ते ५० मिलिग्रॅमची. एवढीशी गोळी, पण तिचं मोल मोठं. कारण मुंग्यांना कंटाळून कुणी टीबीचं औषधच अर्धवट सोडलं, तर उरलेले जंतू निर्ढावतात आणि मग त्याच औषधाला दाद देत नाहीत. घरात कुणाला असा त्रास होत असेल तर औषध बंद न करता लगेच डॉक्टरांना सांगायला हवं.

मग बी-६च्या मूठभर गोळ्या खाल्ल्या तर मज्जातंतू आणखी दणकट होतील? छे! रोज काही ग्रॅम बी-६ घेणाऱ्या माणसांची हकिकत १९८३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे पाय बधिर झाले होते आणि चालताना तोल जात होता.