मेंढीच्या नाकांतील पहारा

दिवाळी सरली कीं घाटमाथ्यावरील धनगरांचे वाडे सह्याद्रि उतरून रायगडच्या किनारपट्टीकडे येतात. भात कापलेल्या शेतांत मेंढ्या बसवावयाच्या, लेंड्यांचें खत शेतकऱ्यास द्यावयाचें आणि मोबदला म्हणून धान्य किंवा पैसा घ्यावयाचा, हा व्यवहार फार जुना आहे. परंतु शेंकडों मेंढ्या रात्रभर एकमेकींस खेटून बसल्या म्हणजे एकीच्या शिंकेचे तुषार दुसरीच्या श्वासांत जातात. भारतांत १९८७ सालीं तमिळनाडूंत प्रथम आढळलेला पीपीआर हा घातक रोग असाच पसरतो. नाक हें त्याचें प्रवेशद्वार होय.

रोगजंतूंस निष्प्रभ करणारीं जीं प्रथिनें रक्तांत असतात त्यांस प्रतिपिंड म्हणतात. पण रक्त वाहतें शरीराच्या आंत आणि जंतु उतरतो नाकाच्या ओल्या अस्तरावर. मग या दोहोंची गांठ पडते कशी?

याचे मार्ग दोन आहेत. अस्तराखालीं केशवाहिन्यांचें दाट जाळें असतें. तेथून ‘जी’ वर्गाचे कांहीं प्रतिपिंड पाझरून नासास्रावांत येतात. निरोगी नाकांत हा पाझर थोडाच असतो. अस्तरास दाह झाला कीं तो वाढतो. दुसरा वर्ग ‘ए’. हे प्रतिपिंड बहुतांशीं अस्तराखालील पेशीच तयार करतात, आणि पृष्ठभागावरील पेशी ते उचलून बाहेर पोंचवितात. मेंढीच्या नासास्रावांत या दुसऱ्यांचेंच प्राबल्य असतें. म्हणून रक्तांत प्रतिपिंड विपुल असले तरी नाकाचें रक्षण तितकेंच होईल, असें नाहीं.

कोंकराची स्थिति अधिक नाजूक असते. मेंढीच्या गर्भवेष्टनांतून प्रतिपिंड पलीकडे जात नाहींत; त्यामुळें कोंकरूं जन्मतें तें जवळजवळ त्यांवांचूनच. विण्यापूर्वी मेंढीची कांस रक्तांतील ‘जी’ वर्गाचे प्रतिपिंड वेंचून सांठविते, तोच चीक. कोंकराचें आंतडें हे प्रतिपिंड अखंड स्वरूपांत शोषून घेतें, परंतु सुमारें पहिला दिवसभरच. पुढें तो मार्ग बंद होतो. तेथून ते रक्तांत, आणि त्यांतील अल्प अंश नाकांत पोंचतो.

ही आईकडील पुंजी हळूहळू सरते. ती भरपूर असतांना दिलेली पीपीआरची जिवंत लस मात्र ती निष्फळ करूं शकते. यास्तव ही लस सामान्यतः चार महिन्यांच्या वयानंतर टोंचतात. तोंवर कोंकराचा आधार एकच. वाटेंत, मुक्कामावर, कोठेंहि मेंढी व्याली तरी पहिल्या कांहीं तासांतच कोंकरूं कांसेला लावणें, हें म्हणूनच कळप राखण्यांतील पहिलें काम ठरतें.