जमिनीखालचा मासा: व्हिस्कॅश नेमका आला कुठून?

बसमध्ये आवाज ऐकू येत नाही म्हणून वाचणाऱ्यांसाठी आजचा भाग इथे लिहून देतोय.

गेल्या आठवड्यात माझा मावसभाऊ पोकेमॉन गो खेळत होता. बार्बोचला पन्नास कँडी दिल्या आणि स्क्रीनवर एक गोलमटोल निळा मासा आला. लांब मिशा, मोठं तोंड, चेहरा जरा बावळट. नाव व्हिस्कॅश. भाऊ म्हणाला, "दादा, हा मासा आहे ना? मग वॉटरसोबत ग्राउंड टाइप कसा काय? माशाचा आणि जमिनीचा संबंध काय?"

प्रश्न एकदम बरोबर होता. आणि त्याचं उत्तर गेममध्ये नाहीये, जपानच्या जमिनीखाली आहे.

व्हिस्कॅश पहिल्यांदा आला २००२ साली, पोकेमॉन रुबी आणि सफायर या गेममध्ये. जपानीत त्याचं नाव 'नामाझुन'. जपानीत 'नामाझु' म्हणजे मिशावाला मासा, आपल्याकडच्या मांगूरचा भाऊबंदच म्हणा. गेममधलं पोकेडेक्स सांगतं की एक व्हिस्कॅश अख्खं तळं स्वतःचं मानतो, आणि कुणी जवळ आलं की अंग आपटून भूकंप घडवतो. दुसरीकडे असंही लिहिलंय की त्याला खरा भूकंप आधीच कळतो. म्हणजे हाच भूकंप करणार आणि हाच आधी सांगणार! डिझायनरने हे हवेतून काढलेलं नाही.

जपानची जुनी समजूत अशी: जमिनीखाली एक अवाढव्य नामाझु पडून आहे. त्याने शेपटी हलवली की वर भूकंप होतो. त्याला दाबून ठेवायचं काम ताकेमिकाझुची नावाच्या देवाचं. इबाराकी भागातल्या काशिमाच्या देवळात 'कानामे-इशी' नावाचा एक दगड आहे. जमिनीवर त्याचा जेमतेम टवकाच दिसतो, पण बाकीचा दगड खोल जाऊन माशाचं डोकं दाबून धरतो असं मानतात. एका सरदाराने तळ शोधायला सात दिवस खणलं, तरी तळ लागला नाही, अशीही गोष्ट तिथे सांगतात.

गंमत म्हणजे मासा यायच्या आधी जपानमध्ये ही जागा ड्रॅगनची होती. जुन्या चित्रांत देशाभोवती वेटोळं घालून बसलेला सापासारखा ड्रॅगन दिसतो. हे वाचल्यावर मला माझी आजी आठवली. आजी औसा तालुक्यातली. लहानपणी ती सांगायची, पृथ्वी शेषनागाच्या फण्यावर आहे, त्याने फणा बदलला की धरणीकंप होतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ही गोष्ट ऐकली असेल. हजारो किलोमीटर लांब, पण जमीन का हलते याचं उत्तर दोघांकडे एकाच जातीचं: खाली कुणीतरी जिवंत आहे.

आता १८५५ मध्ये जाऊ. ११ नोव्हेंबरच्या रात्री एडो शहर, म्हणजे आजचं टोकियो, हादरलं. हजारो माणसं गेली, आगी लागल्या. आणि थोड्याच दिवसांत रस्त्यावर लाकडी ठशांनी छापलेली रंगीत चित्रं विकायला आली. त्यांना म्हणतात 'नामाझु-ए', नामाझुची चित्रं. सरकारी परवानगी नाही, चित्रकाराचं नाव नाही. थोडक्यात, त्या काळचे मीम्सच.

त्या जपानी पंचांगातला दहावा महिना हा 'देव नसलेला महिना'. सगळे देव इझुमोला जमतात म्हणे. भूकंप नेमका त्याच महिन्यात झाला. म्हणून चित्रांत दाखवलंय की ताकेमिकाझुची गावाला गेलाय, राखणीला ठेवलेल्या एबिसु देवाला डुलकी लागलीय, आणि माशाने डाव साधलाय.

पण मला आवडलेली चित्रं वेगळीच. एकात लोक माशाला बदडतायत आणि सुतार, गवंडी त्याला वाचवायला धावतायत. का? कारण पडलेलं शहर पुन्हा बांधायचं काम त्यांनाच मिळणार! काही चित्रांत तर श्रीमंतांकडून नाणी बाहेर पडतायत आणि गरिबांना मिळतायत. म्हणजे मासा एकाच वेळी राक्षसही आणि हिशेब चुकते करणाराही. दोन महिन्यांत सरकारने ही चित्रं बंद पाडली. राक्षसाला चेहरा मिळाला की लोक त्याच्याआडून काय काय बोलतात, हे सरकारलाही कळलं असणार.

भूकंपाचं खरं कारण आज आपल्याला माहीत आहे. जपानच्या आसपास चार मोठे भूपट्ट एकमेकांना भिडतात. ताण साठतो, एकदम सुटतो, जमीन हादरते. मासा नाही, शेषही नाही. तरीही जपानने माशाला निवृत्त केलेलं नाही. मोठ्या भूकंपात सामान्य गाड्यांना बंद होणाऱ्या रस्त्यांच्या पाट्यांवर आजही नामाझुचं चित्र असतं. तेव्हाचा गुन्हेगार आता ट्रॅफिक हवालदार झालाय.

मग ही गोष्ट नुसती मजेची आहे का? नाही. २३ ऑक्टोबर २००४ ला जपानच्या नीगाता भागात मोठा भूकंप झाला. पोकेमॉन ॲनिमेचा एक भाग ४ नोव्हेंबरला लागणार होता. त्यात हलणारं बेट होतं, बार्बोच होता, व्हिस्कॅश होता. तो भाग रद्द झाला आणि नंतरही कधी दाखवला नाही. ॲनिमेत 'अर्थक्वेक'सारखे अटॅकही त्यानंतर बंद झाले. गेममध्ये ते आजही आहेत, पण घराघरात चालणाऱ्या टीव्हीवर नाहीत.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, एवढं काय, कार्टूनच तर आहे. मग लक्षात आलं, आजीने शेषनागाची गोष्ट मला फक्त धरणीकंप म्हणून सांगितली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झालं, त्याला तिने शेषनाग कधीच जोडला नाही. त्याबद्दल ती एवढंच सांगते की नंतर कितीतरी महिने कुणी छताखाली झोपत नव्हतं. गोष्ट तीच, पण घरातलं माणूस गेलं की ती तोंडातून निघत नाही. जपानच्या टीव्हीवाल्यांनी वेगळं काय केलं?

परवा आजीला फोनवर व्हिस्कॅश दाखवला. काशिमाच्या दगडाची गोष्ट सांगितली. तिने चष्मा वर करून बघितलं, हसली आणि म्हणाली, "दगड ठिवून थांबत असतं, तर आमच्याकडं काय दगडं कमी होती का?"

तिकडची घरं दगड-मातीची होती. जाड भिंती, वर मातीचं धाबं. रात्री माणसं त्याखालीच सापडली. मारलं ते शेषाने नाही, भिंतींनी.

भावाला मी उत्तर दिलंय: व्हिस्कॅश ग्राउंड टाइप आहे, कारण तो जमिनीखाली राहतो. उरलेलं त्याने या भागात ऐकावं. तुमच्या घरी धरणीकंपाची कुठली गोष्ट सांगतात? आजी-आजोबांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!