खोतीचा निकाल लावणारा रत्नागिरीकर

बाळ गंगाधर खेर यांचा जन्म 24 ऑगस्ट 1888 चा, रत्नागिरीतला. पुढे शिकायला पुणे, मग मुंबईचे विल्सन कॉलेज. उच्च न्यायालयात दृष्टी अधू झालेल्या न्यायमूर्ती बीमन यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले आणि 1918 साली भागीदारीत सॉलिसिटरची पेढी काढली. तिचा व्याप वाढत असतानाच हा माणूस राजकारणात शिरला. 1923 मध्ये स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीसपद, 1930 आणि 1932 मध्ये तुरुंग. 1937 च्या निवडणुकीनंतर काँग्रेसचे मुंबईतले नेते नरिमन यांच्या नावाची चर्चा असताना मुंबई इलाख्याचे पंतप्रधानपद, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्रिपद, खेरांकडे आले. नरिमन यांच्यावर अन्याय झाला, ही तक्रार पुढे बरीच वर्षे ऐकू येत राहिली.

माझ्या मते खेरांच्या कारकिर्दीचा खरा कस लागला तो जन्मजिल्ह्यातल्या खोतीवर, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या वतनदारीवर. कुळाने चिखलात राबून भात पिकवायचे आणि अर्धेलीने निम्मे खोताच्या घरी पोचवायचे. वर वेठ वेगळीच. ही पद्धत मोडणारे विधेयक डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर 1937 मध्ये विधिमंडळात मांडले. 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातली हजारो कुळे मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आली आणि त्यांचे शिष्टमंडळ खेरांना भेटले. समोर बसलेला पंतप्रधान रत्नागिरीचाच, कायदा कोळून प्यालेला. तरीही ते विधेयक मंजूर झाले नाही. नोव्हेंबर 1939 मध्ये, महायुद्धाच्या प्रश्नावर, मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला.

1942 च्या लढ्यात खेर पुन्हा तुरुंगात गेले. त्याआधीच ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींसाठी त्यांनी आदिवासी सेवा मंडळ उभे केले होते. त्या कामाबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

1946 मध्ये ते पुन्हा सत्तेवर आले. मंदिरप्रवेशाचा कायदा, 1948 चा कूळकायदा, पुणे विद्यापीठाची स्थापना ही सगळी त्यांच्याच काळातली कामे. आणि 1949 मध्ये खोती रद्द करणारा कायदाही त्यांच्याच सरकारने केला.

1952 नंतर ते लंडनला उच्चायुक्त होते. 8 मार्च 1957 रोजी ते गेले. खोती मोडल्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण मोर्चा घेऊन आलेल्या कुळांना त्यासाठी आणखी अकरा वर्षे थांबावे लागले, तो उशीरही त्यांच्याच नावावर मांडला पाहिजे.