शेजारघरची कविता

गुजराती भाषेशी आपला, विशेषतः मुंबईकर मराठी माणसाचा, संबंध तसा रोजचाच. कापडबाजारात, पेढीवर, लोकलच्या डब्यात ती कानांवर पडते आणि मोडकीतोडकी का होईना, आपण ती बोलतोही. परंतु जमाखर्च आणि गरबा यांपलीकडे या भाषेत आणखी काही असेल, असे आपल्या मनात सहसा येत नाही. ‘चोपडीची भाषा’ असे म्हटले, की आपण मोकळे!

असा शेरा कोणी मारला, की मी एका ग्रंथाचे नाव सांगतो. ‘अर्वाचीन कविता’ हे ते नाव. तो १९४६ साली प्रसिद्ध झाला. कर्ते त्रिभुवनदास लुहार, म्हणजेच कवी ‘सुन्दरम्’. वय त्या वेळी अवघे अडतीस! आधुनिक गुजराती कवितेचा हा चिकित्सक इतिहास. थोरामोठ्यांना ओवाळून बाकीच्यांना वगळण्याची सोपी वाट त्यांनी धरली नाही. लहानमोठ्या शेकडो कवींची पुस्तके त्यांनी वाचली, आणि लोकप्रियता बाजूला ठेवून त्यांत कविता किती, हे पाहिले. आपल्याच घरातील नाणी अशी वाजवून पाहायला धैर्य लागते.

या इतिहासात मला सर्वांत रस वाटतो तो एका भांडणात. कविता कोणासाठी? गाणाऱ्या गळ्यासाठी, की विचार करणाऱ्या मनासाठी? समाजाच्या कामासाठी, की स्वतःसाठी? गुजरातेत हे भांडण जवळजवळ शंभर वर्षे चालले.

आरंभी दोघे उभे दिसतात. दलपतराम (१८२०–१८९८) यांच्या १८४५ मधील ‘बापानी पींपर’ या कवितेपासून नव्या कवितेची गणना करण्याचा प्रघात आहे. छंद घोटीव, स्वभाव सौम्य, विनोद मिस्कील. सुधारणा हळूहळू व्हावी, असे त्यांचे मत. याच्या उलट सुरतेचा नर्मद (१८३३–१८८६). त्याने १८५८ मध्ये शिक्षकाची नोकरी सोडली आणि केवळ लेखणीवर जगण्याचा पण केला. त्यापायी दारिद्र्य सोसले, एकट्याने ‘नर्मकोश’ हा शब्दकोश सिद्ध केला. दलपतरामांजवळ कारागिरी होती, पण आग नव्हती. नर्मदाजवळ आग होती, पण ती घडवणारा हात घाईचा होता. दोघांच्याही कवितेला समाजाने कामाला जुंपले होते.

तिला स्वतःचे मन सापडले ते पुढे. नरसिंहराव दिवेटिया यांची ‘कुसुममाळा’ १८८७ मध्ये आली आणि भावगीताला घर मिळाले. ‘कान्त’ म्हणजे मणिशंकर भट्ट (१८६७–१९२३), आपल्या केशवसुतांच्या बरोबरीचे. त्यांचे ‘वसंतविजय’ हे खंडकाव्य पांडू आणि माद्री यांच्या कथेवर आहे. शापाचे भय एकीकडे आणि वसंताचा मोह दुसरीकडे. भाव बदलला की वृत्त बदलते. त्यांचा ‘पूर्वालाप’ हा संग्रह ज्या दिवशी प्रसिद्ध झाला, त्याच दिवशी काश्मीरहून परतताना आगगाडीत त्यांचे निधन झाले. ‘कलापी’ हे लाठीचे राजे. राजवाड्यातील दासीवर जडलेले प्रेम हे त्यांच्या कवितेचे मोठे दुःख. १९०० साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी ते गेले. त्यांचा ‘केकारव’ मागाहून कान्तांनी प्रसिद्ध केला.

आता ते भांडण ऐन रंगात येते. दलपतरामांचे चिरंजीव न्हानालाल (१८७७–१९४६) यांनी वृत्ताचे बंधन झुगारून ‘डोलनशैली’ आणली. हिंदोळ्यासारखी झुलणारी ही लय पुष्कळांना मोहून टाकी, आणि पारशी कवी अरदेशर खबरदार यांना तिची टर उडवावीशी वाटे! त्यांनी विडंबनाचे पुस्तकच लिहिले. दुसऱ्या बाजूस बळवंतराय ठाकोर. गोड गळ्यापेक्षा विचाराचा कणा महत्त्वाचा, असा त्यांचा आग्रह. १८८८ मध्ये त्यांनी गुजरातीत सुनीत आणले. पृथ्वी वृत्तात त्यांनी असे लिहिले, की ओळ संपली तरी वाक्य थांबू नये. हे वृत्त आपल्याला परके नाही. मोरोपंतांची ‘केकावली’ पृथ्वीतच आहे. ठाकोरांचा हट्ट पुष्कळांना रुक्ष वाटला. मला मात्र वाटते, की हा हट्ट नसता, तर गुजराती कविता गोडव्यातच बुडाली असती.

गांधीजींनी तिसरीच कसोटी पुढे ठेवली: कविता मोट हाकणाऱ्यालाही कळली पाहिजे. मग सुनीताचे काय होणार? उत्तर तरुणांनी दिले. उमाशंकर जोशी यांचे ‘विश्वशांति’ १९३१ मध्ये आले, तेव्हा त्यांनी विशीही धड ओलांडली नव्हती. स्वतः सुन्दरम् यांचे ‘काव्यमंगला’ १९३३ चे. ठाकोरांनी घडवलेल्या घाटात या मंडळींनी गरिबांचे दुःख ओतले. त्याच काळात झवेरचंद मेघाणी लोकगीतांचा ठेवा गोळा करीत गावोगाव हिंडत होते. सेवा आणि कला यांपैकी एकीचाच बळी द्यावा लागतो, हा समज येथे खोटा ठरला. पण जेथे नुसती सेवा उरली, तेथे पद्यच उरले, हेही तितकेच खरे.

सुन्दरम् यांचा इतिहास येथवर येतो. कविता पुढे गेली. राजेंद्र शाह यांचा ‘ध्वनि’ १९५१ चा. निरंजन भगत यांनी ‘प्रवालद्वीप’ या कवितांत आपली मुंबईच पाहिली. तिची गर्दी, तिचा एकाकीपणा वाचताना मर्ढेकर आठवल्यावाचून राहत नाहीत. ‘मरीझ’ यांची गझल याच शहरात बहरली. आणि १९६७ चा ज्ञानपीठ पुरस्कार उमाशंकरांना, कन्नडच्या कुवेम्पूंबरोबर विभागून मिळाला.

गुजराती लिपी म्हणजे शिरोरेषा उतरवून ठेवलेली बाळबोधच. आठवडाभरात डोळ्यांना सवय होते. मोठ्या ग्रंथाला एकदम हात घालू नये. आधी कान्त वाचावेत, मग उमाशंकर. दिवाळीचा पाडवा हे आपल्या गुजराती शेजाऱ्यांचे नवे वर्ष. यंदा ‘साल मुबारक’ म्हणून, तोंडात मिठाई टाकून परतू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी जरा बसा आणि शाळेत पाठ केलेली एखादी कविता त्यांच्याकडून म्हणवून घ्या.