ऑस्ट्रेलिया डेच्या सुट्टीत फिरायला निघताय?

मेलबर्नकर मराठी मंडळी, २६ जानेवारीला जोडून सुट्टी घेऊन ग्रेट ओशन रोड किंवा ग्रॅम्पियन्सकडे निघणार असाल तर आधी हे वाचा.

वणव्याच्या धोक्याच्या चार पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटस्ट्रॉफिक. शेवटची जाहीर झाली की त्या भागात जायचंच नाही. बुकिंगचे पैसे बुडाले तर बुडू देत! टोटल फायर बॅन असेल तर शेकोटी आणि कोळशाची शेगडी बंद. वांग्याचं भरीत घरूनच करून न्या.

सगळ्यात फसवा असतो वारा. उत्तरेच्या गरम वाऱ्यावर आग लांबट पट्ट्यात पसरते. मग नैर्ऋत्येचा गार वारा येतो, आपल्याला हायसं वाटतं, आणि नेमकी तेव्हाच त्या पट्ट्याची अख्खी बाजू आगीचं तोंड बनते. ७ फेब्रुवारी २००९ च्या 'ब्लॅक सॅटर्डे'ला असंच झालं. त्या वणव्यांत १७३ माणसं गेली. त्याआधीच्या आठवड्यातल्या उष्णतेच्या लाटेत मात्र व्हिक्टोरियात नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू जास्त झाले. ऊन आगीपेक्षा गुपचूप मारतं. भारतातून आलेले आई-बाबा "आम्हाला उन्हाची सवय आहे" म्हणतील, ऐकू नका. दुपारी त्यांना एसीत बसवा, पाणी देत राहा.

अंगात सुती कपडे, गाडीत लोकरी ब्लँकेट, टाकी भरलेली. धूर दिसेपर्यंत थांबू नका, त्याआधीच निघा. विक-इमर्जन्सी ॲप आजच फोनवर घ्या. संकटात ००० फिरवा.